गढीवरचे पेव

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, भाद्रपदात, आमच्या घराने गाव सोडले. गाव अंजनगाव सुर्जीपासून दोन कोसांवर. घरात पाच माणसे होती. त्यांपैकी तिघे बैलगाडीत बसलो: बाबा, माय आणि मी. बाबांचा धाकटा भाऊ, श्रावणकाका, वैशाखात वारला होता. त्याची बायको अनसूयाकाकू जिवंत होती, पण ती गाडीत बसली नाही.

दुपार होती. दोन वळकट्या, एक पितळी हंडा, खुरपी आणि विळे एवढे सामान होते. जाते काकूसाठी ठेवले. गाडी गढीखालून निघाली तेव्हा काकू वर बसलेली दिसली. तिची पाठ आमच्याकडे होती. मायने गाडी थांबवायला सांगितली, उतरली, गढी चढून गेली आणि थोड्या वेळाने एकटीच परत आली.

"काय म्हनते?" बाबांनी विचारले.

"म्हनते, त्याईचं बोलनं संपलं नाई. मी कशी येऊ?"

त्यांचे म्हणजे काकाचे. काकाला जाळून तेव्हा चार महिने झाले होते. बाबांनी गाडीवानाला "हाक" म्हटले.

त्या वर्षी गाव सोडणारे आम्ही एकटे नव्हतो. आमच्या आधी दोन घरे अमरावतीला गेली होती, एक परतवाड्याला. तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांनी नंतर आमच्याबद्दल बरेच ऐकले असेल. जे आमच्यासारखे निघून गेले त्यांनी अर्धेच ऐकले असेल. म्हणून जे पाहिले तेवढे इथे क्रमाने लिहितो आहे.

आमची शेती नव्हती. वाडी होती, तीही मक्त्याची. वांगी, मेथी, पालक, सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या आगेमागे झेंडू. भाजी अंजनगावच्या बाजारात विकायची आणि आलेल्या पैशांत ज्वारी घ्यायची, यावर घर चालत असे. भाजीवाल्याच्या घरात भाजी असते, भाकर विकतची असते. हे शेतकऱ्याला सांगून पटत नाही.

युद्धाबरोबर ज्वारीचा भाव चढत गेला. मग सरकारने भाव बांधून दिला. कोतवालाने दवंडी दिली त्या दिवशी दुकानांत ज्वारी होती. पुढच्या बाजाराला नव्हती. दुकानदार मायला म्हणाला, "बाई, भाव सरकारचा हाय, पन माल नाई." माल मागच्या दाराने मिळत होता, दुसऱ्या भावाने. भाजीला सरकारने भाव बांधला नव्हता. पण ज्वारीला पैसे पुरत नाहीत तेव्हा माणूस आधी भाजी सोडतो. संध्याकाळी आमच्या टोपल्या भरलेल्याच परत येऊ लागल्या. मामाचे गाव अकोला जिल्ह्यात. त्याच्याकडे ज्वारी होती आणि द्यायची इच्छाही होती. जिल्ह्याची हद्द ओलांडून धान्य नेण्यास मनाई होती.

ब्रह्मदेश पडल्यावर घासलेट कमी झाले. ते कंट्रोलमध्ये गेले आणि कंट्रोलच्या घासलेटात पाणी आले. कंदील फडफडत, काजळत आणि वारा नसताना विझत. त्या वर्षी दिवा विझला म्हणून कोणी मान वर करून पाहत नसे.

घराचे एक पेव होते. गावाच्या मध्यावर गढी आहे, म्हणजे पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा. काळी जमीन ओल धरते, म्हणून पेव गढीच्या पांढरीत खणत. घागरीसारखा आकार, तोंड माणसाच्या खांद्याएवढे, पोट ऐसपैस, दोन पुरुष खोल. आतून कडबा आणि तुऱ्हाट्यांचा थर, मध्ये ज्वारी, तोंडावर दगड, दगडावर माती. मंदीच्या वर्षांत ज्वारीला गिऱ्हाईक नव्हते तेव्हा आजोबांनी ती कवडीमोलाने घेऊन पेव भरले होते. अर्धे त्यांच्या हयातीतच निघाले. उरलेल्या अर्ध्याला त्यांच्यामागे कोणी हात लावला नव्हता. नव्या हुकमाप्रमाणे ही ज्वारी पटवाऱ्याकडे जाहीर करायला हवी होती. जाहीर केलेले धान्य सरकार आपल्या भावाने घेई. आम्ही जाहीर केली नाही. गढीवर पेव असलेल्या कोणत्याच घराने केली नाही.

पेव उघडायची रीत ठरलेली होती. बंद पेवात वारा मरतो. म्हणून दगड काढला की एक दिवस आणि एक रात्र तोंड मोकळे ठेवायचे. मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर कमरेला दोर बांधून माणूस उतरायचा. उतरलेल्याने सतत बोलत राहायचे आणि वर तोंडाशी बसून एकाने हुंकार द्यायचा. काय बोलतो याला महत्त्व नाही. बोलणे थांबले की काही न विचारता दोर ओढायचा. गावात कितीतरी पेवे अशीच उघडली गेली होती आणि कोणी दगावले नव्हते.

उतरण्याचे काम बहुतेक वेळा श्रावणकाकाचे. तो अंगाने बारीक होता आणि त्याचे बोलणे कधी संपत नसे. घरात त्याचा हाच गुण सगळ्यांना नको वाटे. पेवाजवळ तोच कामाचा ठरे. वरून हुंकार देणारा कंटाळून पेंगू लागला की काका खालून शिव्या देई, आणि मग गढीवर जमलेले हसत. पेव उघडणे हा चारचौघांत करायचा, नारळ फोडून करायचा कार्यक्रम होता.

आमचे पेव तसे उघडले नाही.

वैशाखातला बाजाराचा दिवस निवडला. बाजाराच्या दिवशी दुपारी गाव रिकामे असते. गढीवर आम्ही पाचजणच होतो. ऊन इतके होते की पांढरीकडे पाहवत नव्हते. माती बाजूला केली, दगड सरकवला. आतून आंबूस वास आला, गरम. बाबांनी कंदील सोडला. तो तोंडाच्या थोडा खाली गेला आणि विझला. वर घेऊन पुन्हा पेटवला. पुन्हा त्याच जागी विझला.

काकू म्हणाली, "उद्यावर ठेवा न. आज तोंड मोकयं राहू द्या."

"रातभर उघडं ठेवलं तं वास गावभर जाते," बाबा म्हणाले. "पटवाऱ्याले नाक नाई काय?"

"काल घरचा दिवा दोनदा इजला," काका म्हणाला. "तवा काय घरात पेव होतं? कंट्रोलचं घासलेट हाय हे. अर्धं पानी, अर्धा सरकारचा आशीर्वाद."

मायला हसू आले. कंदील बाजूला ठेवला गेला. तो पुन्हा पेटवून पाहावा असे कोणी म्हटले नाही. घरातली ज्वारी आदल्या दिवशी संपली होती.

दोर मी बांधला. काकाने गाठ चाचपून पाहिली. "भाऊ, हा दोर कोनं बांधला? म्हादेवनं? मॅट्रिक पास झाला अन् गाठ माराले येत नाई लेकाले."

"बोलनं खाली जाऊन करा," काकू म्हणाली. "वर कावून वाया घालवता?"

"पाहा वयनी, कशी बोलते! मी बाहेर निंगालो नाई तं हिले करमन काय?"

"निंगसान भाऊजी," माय म्हणाली, "अन् जेवाले सगळ्याईच्या आंधी बससान."

काका उतरला. दोर बाबांच्या आणि माझ्या हातात होता. टोपलीची दोरी मायच्या हातात. हुंकार द्यायला काकू तोंडाशी बसली. खालून पहिले शब्द आले ते दोर पातळ असल्याबद्दल आणि बाबा कंजूस असल्याबद्दल होते. मग पाय ज्वारीला टेकल्याचे त्याने सांगितले. कडेची काळी पडली आहे, मधली चांगली आहे. पहिली टोपली वर आली. मायने ज्वारी हातावर घेतली, फुंकली, एक दाणा दाताखाली धरला आणि बाबांकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्या टोपलीबरोबर काकाने परतवाड्याच्या एका लग्नाची गोष्ट सुरू केली. नवरदेवासाठी टांगेवाल्याचे घोडे भाड्याने आणले होते. "वाजा वाजून राह्यला, बाया नाचून राह्यल्या, अन् चौकात आलं तं थे घोडं आपल्या घराकडे वयलं."

"हूं," काकू म्हणाली.

"नवरदेव वरून वरडून राह्यला, थांबवा, थांबवा. कोन थांबवते? घोडं आपल्या घराकडे वयलं."

"हूं."

तिसरी टोपली वर आली. तिच्यामागून आवाज आला, "घोडं आपल्या घराकडे वयलं." काकूने हुंकार दिला. थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा आले. स्वर काकाचाच होता, पण त्यात हसू नव्हते. पाठ केलेले म्हणावे तसे. बाबांनी माझ्याकडे पाहिले. बोलणे थांबलेले नव्हते. रीतीप्रमाणे दोर ओढायचे कारण नव्हते.

"ओढा," खालून आवाज आला. चौथी टोपली वर आली. काठोकाठ भरलेली होती.

"घोडं आपल्या घराकडे वयलं."

"हूं."

"ओढा."

पाचवी टोपली आली. तीही भरलेली. बाबा वाकून म्हणाले, "श्रावण, पुरे आता. वर ये."

खालून उत्तर आले, "हूं."

उतरलेला माणूस हुंकार देत नाही. तो वर बसलेल्याने द्यायचा असतो. काकू ताडकन उभी राहिली. बाबा आणि मी दोर ओढू लागलो. ओझे जड होते आणि ते कुठेही हात-पाय लावत नव्हते. काका वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी ज्वारीने भरलेल्या होत्या. पेवाच्या तोंडातून गरम वाफ येत होती. त्याचे अंग थंड होते.

त्याला गाडीत घालून अंजनगावच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाहिले, कुठे आणि कसे घडले ते विचारले, आणि म्हणाले की अशा पेवात उतरल्यावर चार-दोन श्वास, त्यापुढे नाही.

"थो बोलून राह्यला होता जी," बाबा म्हणाले. "टोपल्या भरून राह्यला होता."

डॉक्टरांनी विचारले, "आत दुसरं कोणी होतं का?"

"नाई जी."

पहिल्या टोपलीपुढच्या टोपल्या कोणी भरल्या याचा उलगडा झालेला नाही. त्या भरलेल्या होत्या, हे आम्ही चौघांनी पाहिले.

मृत्यू झाला म्हटल्यावर पटवारी आला, त्याच्यामागून तहसिलीचे लोक आले. पंचनामा झाला. खटला भरला नाही, एवढी सवलत मिळाली. तोंड दोन दिवस उघडे ठेवून, दिवा नीट खाली पोचल्यावर, सरकारी माणसांनी पेव रिकामे केले. ज्वारी बांधलेल्या भावाने सरकारजमा झाली. घरात आणून ठेवलेल्या पाच टोपल्याही त्यांनी नेल्या. माय दारात उभी राहून पाहत होती. एक टोपली तरी राहू द्या, असे ती म्हणाली. त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, तेवढी ठेवली तर माझ्यावर येते." तो खोटे बोलत नव्हता.

तेरवी झाल्यावर काकू एका दुपारी घरात दिसेना. ती गढीवर सापडली, पेवाच्या तोंडाशी बसलेली. दगड पुन्हा बसवलेला होता. मायने हाक मारली तेव्हा तिने हात वर करून थांबायला सांगितले. मग म्हणाली, "हूं."

त्यानंतर ती रोज दुपारी जाऊ लागली. सकाळी वाडीत काम करी, बाजार असेल तर भाजी विकून येई, आणि ऊन डोक्यावर आले की गढीवर. मी दोनदा तिच्यामागे गेलो. मला फक्त तिचा हुंकार ऐकू आला. तो सारख्या अंतराने नव्हता. कधी पाठोपाठ दोन येत, कधी बराच वेळ जाई, जसे लांबलचक वाक्य संपण्याची वाट पाहताना होते. एकदा अशा मधल्या वेळात ती हसली.

गढीवरची बाकीची पेवे बंदच राहिली. सरकारच्या हुकमाने जे झाले नव्हते ते भीतीने झाले. ज्यांची ज्वारी खाली होती तेही मागच्या दाराने महाग ज्वारी आणू लागले. पावसाळा सरत आला तसे बाबांनी अकोल्याचे नाव काढले. शहरात रेशनची दुकाने निघाली होती. खेड्यात नव्हती. ज्या गावात ज्वारी पिकते तिथे ती मिळत नाही आणि जिथे कापसाचे कारखाने आहेत तिथे रांगेत उभे राहिले की मिळते, हे बाबांना शेवटपर्यंत समजले नाही. पण त्यांनी ते मान्य केले.

अंजनगावहून छोट्या रुळांच्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने अकोला. मूर्तिजापूरला शिपाई गाठोडी तपासत होता. त्याने मायच्या वळकटीत हात घातला.

"धान्य हाय का?"

"असतं तं गाव कावून सोडलं असतं, बाबू?" माय म्हणाली.

त्याने हात काढून घेतला.

अकोल्यात रेल्वेच्या पलीकडे, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागे टिनाची खोली मिळाली. बाबा जिनमध्ये लागले. वाडीत दिवसभर पाण्याच्या पाटाच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नसे. इथे भोंगा, मशीन आणि मुकादमाचे ओरडणे. बाबांना मशीनचा आवाज आवडे. सुटीच्या दिवशी ते अस्वस्थ असत आणि सारखे काहीतरी बोलत. पूर्वी ते बोलत नसत. जिनमधल्या लोकांनी त्यांचे नाव 'रेडिओ' ठेवले. घरी ते बोलायचे थांबले की माय हातातले काम टाकून त्यांच्याकडे पाही.

मी एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. पुढे त्याच छापखान्यातून निघणाऱ्या वृत्तपत्रात बातम्या लिहू लागलो. आमच्या बोलण्यात रेशन, क्यू, कोटा, शिफ्ट, ब्लॅक हे शब्द आले आणि राहिले. गावाकडे वेळ सावलीवरून सांगत, इथे भोंग्यावरून. गावाकडे पाहुणा आला की भाकरी थापत, इथे आधी डबा उघडून पाहत. माय सांबाराची जुडी विकत घेताना दरवेळी थोडा वेळ ती हातातच धरून ठेवी. पैसे देऊन सांबार घ्यायची तिला सवय नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात रेशनला ज्वारी आली. पोते उघडले तेव्हा रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावला. आंबूस वास होता, पेवातल्या ज्वारीचा असतो तसा. मायने पिशवी पुढे केली. दाण्यांत काही काळे होते. ती आमच्याच पेवातली होती असे म्हणायला काही आधार नाही. वऱ्हाडातली कितीतरी पेवे त्या वर्षी रिकामी झाली होती. मायने ती तीनदा धुतली, वाळवली, दळून आणली. पहिली भाकर तव्यावर पडल्यावर बाबा उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने आत येऊन जेवायला बसले. आम्ही ती ज्वारी संपेपर्यंत खाल्ली.

काकूला आणायला बाबा दोनदा गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, वाडीत मेथी आहे, निघाल्यावर पाहू. दुसऱ्या वेळी ते तिच्याबरोबर गढीवर गेले. परत आले तेव्हा मायने विचारले, "येत नाई म्हनते?"

"नाई."

"कावून?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, "मलेबी आयकू आलं."

"काय?"

"ओढा म्हनते."

एवढेच. यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि पुन्हा गावालाही गेले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि त्यातच ते गेले. जिनमधल्या लोकांनी खांदा दिला. काकूला निरोप पाठवला होता. ती आली नाही.

स्वातंत्र्य आले आणि त्याच सुमारास कंट्रोल उठला. ज्या आठवड्यात तो उठला त्याच आठवड्यात दुकानांत ज्वारी दिसू लागली, पोत्यांवर पोती. ती इतके दिवस कुठे होती हे कोणी विचारले नाही. भाव मात्र असा झाला की जिनमधल्या हमालाला रेशनची रांग बरी होती असे वाटावे. माय दुकानासमोर उभी राहून पोत्यांकडे पाहत म्हणाली, "तवा दिसत नोती. आता दिसते, पन भेटत नाई."

गावातही तेच झाले. धान्याला भाव आल्यावर भाजीच्या वाडीला कोणी विचारीना. मालकाने मक्ता वाढवला आणि नाही परवडत तर ज्वारी पेरतो म्हणाला. काकूला परवडले नाही. तिने निरोप धाडला की आता येते, घ्यायला या. गावात नंतर असे बोलले गेले की ती भ्याली, किंवा तिला बरे वाटू लागले, किंवा कोणा बाबाने तिला मोकळे केले. यातले काही खरे नाही. मक्ता वाढला म्हणून ती निघाली.

घ्यायला मी गेलो. सामान बांधून झाल्यावर ती गढीवर गेली. मी तिच्या मागे थोड्या अंतरावर उभा होतो. दगडाभोवतीची जमीन तिच्या बसण्याने गुळगुळीत झाली होती. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "मी जातो जी. अकोल्याले जातो. म्हादेव घ्याले आला."

ती थांबली. बराच वेळ थांबली. मला काही ऐकू आले नाही. मग तिने मान हलवली आणि वळली. खाली येताना तिने माझा हात धरला. भर उन्हातही तिचा हात थंड होता.

अकोल्यात काकू मायबरोबर राहिली. दोघी मिळून कारखान्याच्या भिंतीजवळ भाजी घेऊन बसत. काकूला बाजार चांगला समजे. ती गिऱ्हाइकाला भाव सांगे, तराजू धरी, मोड परत देई. घरात विचारले तेवढे बोले. एक फरक पडला होता. आधी तो कोणाच्या लक्षात आला नाही. तो मायने दाखवला. कोणी काही सांगू लागले तर काकू त्याच्याकडे नीट पाहत ऐके, पण 'हूं' म्हणत नसे. मायने मुद्दाम एकदा लांबलचक गोष्ट सांगून पाहिली. काकू शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मी अकोल्याला घर म्हणतो. रेशनकार्डावर हाच पत्ता होता, बाबा इथेच गेले, आणि गावात आता माझे म्हणावे असे काही उरले नाही. माय अजून गावाला 'घर' म्हणते आणि अकोल्याला 'खोली'. काकूला मी हे कधी विचारले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, ती येऊन वर्ष होत आले तेव्हा, वृत्तपत्राच्या कामासाठी अंजनगावकडे जाणे झाले. बाजारभावांची माहिती हवी होती. वेळ होता म्हणून गावात गेलो. गढीची पांढरी माती लोक खतासाठी शेतात नेत होते आणि अर्धी गढी उतरली होती. आमच्या पेवाच्या बाजूला कोणी कुदळ लावली नव्हती. गढीच्या त्या अंगाला लागून एका कुंभाराचे घर होते. दाराला कुलूप होते, अंगणात भाजलेली मडकी तशीच पडलेली. घर रिकामे आहे, एवढे मी स्वतः पाहिले.

कुंभार अंजनगावच्या बाजारात भेटला. त्याने मला ओळखले आणि आधी मायची चौकशी केली. मग म्हणाला, "एक विचारू काय? काकू कवा आली वापस?"

"काकू अकोल्याले हाय," मी म्हणालो.

"नोको सांगू बाप्पा. आमी काय बहिरे हाओत?"

"काय ऐकलं?"

"दुपारी गढीवर बोलनं चालू राह्यते. मानूस बोलते अन् बाई हूं म्हनते. पयले बाई एकलीच आयकू ये. मानसाचा आवाज नोता. त्याची आमाले सवय झाली होती. आता दोघंई आयकू येतेत. लेकरं जेवत नाईत. सोडलं घर."

"कधीपासून?"

"मागच्या जेठापासून."

मागच्या जेठात मी काकूला अकोल्याला आणले. तेव्हापासून ती एकदाही गावाला गेलेली नाही.